गाडी झोपेपर्यंत

दर तिसऱ्या सकाळी ती मेलेली असते.
किल्ली फिरवली की दातावर दात आपटल्यासारखी
एकच टिक, आणि मग नारिनची शांतता,
उणे अठ्ठावीसची,
जिच्यात कुत्रीसुद्धा भुंकणं राखून ठेवतात.

म्हणून रात्री मी बॅटरी उपसून घरी नेते.
चार जिने. लिफ्ट सोव्हिएत गेल्यापासून बंद.
अकरा किलो. माझ्या हातांना वजनं कळतात,
बावीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढलीत;
अकरा किलोचं बाळ मात्र कुणाला झालेलं पाहिलं नाही.
हीटरपाशी नमद्याच्या तुकड्यावर तिला निजवते.
सासूबाई विचारतात, "आली का धाकटी?"
नमद्यावर आता तिच्या बुडाचा चौकोन उमटलाय,
आणि एका कोपऱ्यात ॲसिडनं खाल्लेलं भोक.

बॅटरी बदलून झाली. डायनामो बदलून झाला.
बाजारातल्या तिघांनी निदानं तीन केली,
पैसे तेवढे सारखेच घेतले.

शेवटी तेमिरकुल आला. वीजमंडळातून निवृत्त,
डाव्या हाताला दोन बोटं कमी.
उरलेली आठ विजेला ओळखून आहेत, म्हणतो.
बॅटरी आणि तार यांच्या मधोमध त्यानं मीटर बसवला,
दारं लावली, आणि काहीच केलं नाही.
"थांब, बुरुलकान. गाडी झोपू दे.
चोरून कोण खातंय ते घर निजल्यावरच कळतं."
वीस मिनिटं.
आम्ही त्याच्या थर्मासमधला चहा प्यायलो,
मीठ जरा जास्त झालेला.
"तुला किती वेळ लागतो झोपायला?"
म्हटलं, "फोन उशाशी असेल तर मोजू नकोस."

अर्धा अँपिअर. एवढ्यात
धड एक अंगण उजळत नाही,
पण तीन रात्रींत सगळं पिऊन होतं.

त्यानं फ्यूज उपटायला घेतले, एकेक, खडे निवडावेत तसे.
रेडिओचा. आकडा ढिम्म.
आतल्या दिव्याचा. ढिम्म.
सगळे काढून टोपीत भरले,
तरी अर्धा तो अर्धाच.
मग टॉर्च दातात धरून तो स्टिअरिंगखाली उताणा शिरला,
बूट तेवढे बर्फात,
आणि बऱ्याच वेळानं बूट म्हणाले, "हात्तिच्या!"

एक पिवळी तार. कुठल्याच फ्यूजच्या अध्यात ना मध्यात,
थेट बॅटरीवर ठाण मांडून बसलेली,
आणि तिच्या टोकाला काळी डबी, बारीक फटीएवढं तोंड असलेली.

आमच्याकडे गाड्या जपानहून येतात,
बोटीतून, मग आगगाडीतून,
स्टिअरिंग चुकीच्या बाजूला घेऊन.
माझी तर किल्ली फिरवताच बाईच्या आवाजात काहीतरी म्हणायची,
इतकं अदबीनं, की तीन वर्षं
मी तिला रोज उलट सलाम करत आले.

खालच्या मजल्यावरचा झानिबेक
दोन वर्षं तिकडे मासे कापायला होता. त्याला बोलावलं.
तारा जोडून किल्ली फिरवली. ती बोलली.
तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.
"टोलनाक्याचं यंत्र आहे, ताई.
म्हणतंय, कार्ड घातलेलं नाही."

इथून खिंडीपर्यंत वाट अडवतात त्या फक्त मेंढ्या,
आणि त्या कार्ड मागत नाहीत.
ही मात्र रात्र रात्र जागत होती,
माझ्या पैशांनी,
समुद्रापलीकडच्या एका फाटकासाठी.

तेमिरकुलनं तार तोडली. आकडा घसरला.
जे उरलं त्याला म्हणाला, "एवढं तर घड्याळालाही लागतं."
डबी माझ्या तळहातावर ठेवली.
शंभर ग्रॅमसुद्धा नाही.

चौथ्या सकाळी, उणे एकतीस, गाडी एका दमात लागली.
आत कुणी काही बोललं नाही.
मी तोवर सलाम करून बसले होते.

नमद्यावरचा चौकोन अजून आहे.
सासूबाई म्हणतात, धुऊन टाक.
टाकीन. आज वॉर्डात जुळी यायचीत.